पाल्याच्या बाई

मी संस्थेत रुजू झालो त्या दिवशी ओगलेबाईंनी माझं नाव विचारायच्या आधी मला विचारलं, “काल रात्री काय जेवलात?”

नोकरीच्या पहिल्या दिवशी माणूस जरा आवरूनसावरूनच बोलतो. मी म्हणालो, “पोळी, भाजी, वरण, भात, कोशिंबीर.”

“राहता कुठे?”

“सदाशिव पेठेत. खोली घेतलीय. जेवायला मेस.”

“मेसमध्ये मंगळवारी कोशिंबीर?”

कोशिंबीर रविवारी असे, तीही दुसऱ्या पंगतीपर्यंत पोचत नसे.

“बटाट्याचा रस्सा होता,” मी म्हणालो.

“आता बरोबर. बसा.”

आमची संस्था लोकांच्या खाण्यापिण्याचा अभ्यास करणारी. मी तिथे आकडेमोडीला होतो, म्हणजे बाकीच्यांनी गोळा केलेल्या माहितीवरून काय सिद्ध होतं आणि काय होत नाही हे सांगणारा. ओगलेबाई पोषणशास्त्रातल्या डॉक्टर. त्यांचा विषय अ जीवनसत्त्व. गरीब घरांतल्या मुलांना ते किती मिळतं, रक्तात किती उतरतं आणि औषधाच्या बाटलीशिवाय, रोजच्या ताटातून ते वाढवता येईल का, एवढ्या तीन प्रश्नांवर बाईंनी आयुष्य काढलं. ही गोष्ट पुण्यात लुना नवी नवी दिसायला लागली त्या काळातली. बाईंकडे लुना होती. तिच्या हँडलला एक कापडी पिशवी आणि पिशवीत लहानमोठ्या वाट्या, चमचे, एक डाव. “वाटीभर भाजी खाल्ली” असं कुणी म्हटलं की बाई वाट्या समोर मांडत आणि म्हणत, “यातली कुठली?” लुना खड्ड्यात गेली की वाट्या वाजायच्या. आमचा शिपाई गेटवरून ओरडायचा, “बाई आल्या, कपबशा आवरा!”

काल काय खाल्लं हे विचारण्याची त्यांना इतकी सवय झाली होती, की स्थळकाळाचं भान राहत नसे. माझ्या लग्नात त्या स्टेजवर आल्या, बायकोच्या हातात पाकीट दिलं आणि तिला विचारलं, “काल केळवणाला काय होतं?” ती बिचारी आठवून आठवून सांगायला लागली. मागे आहेर घेऊन रांग उभी. “आणि पालेभाजी?” बाई म्हणाल्या. बायकोने मान हलवली. “वाटलंच,” असं म्हणून बाई उतरल्या. नंतर कितीतरी दिवस बायको मला विचारत होती, की त्या बाई आपल्यावर नाराज आहेत का. मी सांगितलं, नाराज असत्या तर त्यांनी काही विचारलंच नसतं.

आमच्या संचालकांचीही सुटका नव्हती. ते एकदा मीटिंगमध्ये म्हणाले, की शहरातल्या सुशिक्षित घरांत आता हा प्रश्न राहिलेला नाही, माझंच बघा. बाईंनी बघितलं. सगळ्यांसमोर शांतपणे एकेक विचारत गेल्या. सकाळी काय, त्याच्याबरोबर काय, दुपारी काय, पानात काय टाकलंत. पाचेक मिनिटांत असं निघालं, की साहेबांनी आदल्या दिवशी शिकरण-पोळी, दहीभात, दोन पेढे आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी खाल्ली होती. मेथीची भाजी पानात वाढली होती ती तिथेच राहिली होती. “सुशिक्षित घर,” बाई म्हणाल्या आणि कागद उलटला.

गंमत अशी, की बाईंचं स्वतःचं खाणं अगदीच यथातथा. लग्न केलेलं नव्हतं, थोरल्या भावाकडे राहत. दुपारच्या डब्यात बऱ्याचदा खारी असे आणि ती चहात बुडवून त्या पोषणावरचे निबंध वाचत. मी एकदा धीर करून म्हणालो, “बाई, हे चालतं?”

“घोड्यांचा डॉक्टर चंदी खातो का?” त्या म्हणाल्या.

मुख्य काम चाललं होतं पुण्याबाहेरच्या मांजरी गावात. कालव्याच्या काठी शेतमजुरांची वस्ती होती. उसाच्या कामावर जाणारी माणसं, हंगामात दिवसभर घरात फक्त म्हातारी माणसं आणि पोरं. पहिल्यांदा मुलांचं रक्त तपासायला घ्यायचं होतं आणि तिथेच गाडी अडली. पुण्याची माणसं रक्त नेऊन विकतात अशी बातमी आमच्या आधी पोचली होती. पारूबाई नावाची एक उंच, खणखणीत आवाजाची बाई दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“आमच्या पोरांचं रगत तुमाला कशापायी?”

“ते कमी पडतंय का बघायला.”

“मग आदी तुमचं बगा की.”

बाईंनी घड्याळ काढलं, बाही वर केली आणि आमच्या कंपाउंडरला म्हणाल्या, “घ्या.” त्याने सुई टोचली. नळीत थोडं रक्त आलं आणि बाई खुर्चीतून बाजूला कलल्या ते थेट पारूबाईच्या अंगावर. सुईची इतकी भीती असलेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. मग काय, सगळी वस्ती धावली. कुणी पदराने वारा घालतंय, कुणी कांदा फोडून नाकाशी धरतंय. शुद्धीवर आल्यावर बाईंना गुळाचा चहा पाजला. त्या चहा पीत असताना पारूबाई म्हणाली, “एवढं भ्या वाटतंय तरीबी हात पुढं केला. घ्या गं बायांनो पोरांना पुढं, न्हाईतर ही बया पुन्यांदा पडंल.” त्या दिवशी सगळ्या मुलांचं रक्त मिळालं. नळ्या काळ्या कागदात गुंडाळून नेल्या, कारण उजेड लागला की त्यातलं अ जीवनसत्त्व नासतं. बाई परत येताना जीपमध्ये एवढंच म्हणाल्या, “हे अहवालात लिहू नका.”

वस्तीत खाऊ घालायला काय द्यायचं ते बाईंनी प्रयोगशाळेत ठरवलं होतं. शेवग्याचा पाला सावलीत वाळवून त्याची पूड करायची, ती नाचणीच्या पिठात घालायची, गूळ घालून लाडू वळायचे. कागदावर लाडू फार गुणी होता. दिसायला मात्र तो हिरवट काळा झाला. पोरांनी त्याला बघताक्षणी शेणगोळा असं नाव दिलं. दुसऱ्या दिवशी गेलो तर पारूबाईच्या शेळीच्या तोंडाला नाचणी लागलेली.

“पोरं खात न्हाईत?” बाईंनी विचारलं.

“तुमी खाल्ला का?” पारूबाई.

बाईंनी डब्यातला लाडू उचलला, अर्धा तोडला, खाल्ला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. संस्थेचे पैसे, कित्येक महिन्यांचं काम त्या अर्ध्या लाडवात होतं. बाईंनी तो नीट चावून गिळला आणि म्हणाल्या, “वाईट आहे.”

पारूबाई अशी हसली की म्हातारी माणसं बाहेर आली. त्या हसण्यापासून पुढे तिथल्या बायका आमच्याशी खरं बोलायला लागल्या. पाल्याने पोरांना ढाळ लागतात असं त्यांना वाटत होतं, तेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. आधी नुसत्या माना डोलावत होत्या.

संध्याकाळी बाई मुलांना जमवून एक खेळ घ्यायच्या. मोकळ्या जागेत मूठभर चिंचोके उधळायचे आणि मुलांनी ते वेचायचे. अंधार पडायला लागला की कोण चाचपडतंय ते दिसे. डोळ्यांची ही तपासणी आहे हे मुलांना कधी कळलं नाही. ती आपली आरडाओरडा करत चिंचोके लुटत. त्या खेळात एके दिवशी पारूबाईची पाच-सहा वर्षांची छबी मागे राहिली. बाकीची पोरं झडप घालत होती आणि ही मान वाकडी करून चिंचोका पडल्याचा आवाज ऐकत होती. आवाज आला की तिकडे हात न्यायची. एक पोरगा ओरडला, “आंधळी कोशिंबीर!” सगळी हसली. छबीही हसली. तिला वाटलं, तोच खेळ चाललाय.

बाईंनी खेळ तिथेच थांबवला. पारूबाई म्हणाली, “सांज झाली की ती भिंतीला धरूनच चालती. धांदरट हाय जरा.”

“धांदरट नाही, रातांधळी होतेय,” बाई म्हणाल्या. “उद्या सकाळी तयार राहा.”

दुसऱ्या दिवशी लुनावर बाई, मागे पारूबाई आणि मध्ये छबी असं निघालं. पहिल्याच चढाला लुनाने मान टाकली. मग लुना ढकलत तिघी सरकारी दवाखान्यात पोचल्या. डॉक्टरांनी छबीला अ जीवनसत्त्वाचं औषध दिलं. काही दिवसांनी छबी संध्याकाळी अंगणात सरळ चालायला लागली, तेव्हा पारूबाई बाईंच्या पाया पडायलाच आली.

“पाया पडू नका, ऐका,” बाई म्हणाल्या. “हे औषध काही महिने पुरेल. घरातलं खाणं तेच राहिलं तर पुन्हा भिंत धरेल. तुमच्या घरात पोरं कशाला नाही म्हणत नाहीत?”

“झुणक्याला. आन कशाला?”

“मग झुणक्यात घालू.”

कालव्याच्या काठाने तांदुळजा आपोआप उगवत होता, शेवगा तर दर चार घरांमागे होता. पाला बारीक चिरून झुणक्यात, धपाट्यात, कधी नुसत्या लसणीवर. बायकांनी ढाळाची शंका पुन्हा काढली, तेव्हा बाई म्हणाल्या, नीट धुवा, नीट शिजवा, आणि थोड्यापासून सुरू करा. तेल घालाच म्हणून मात्र त्या हटून बसत. “बिनतेलाचा पाला म्हणजे बिनतिकिटाचा पाशिंजर,” असं सांगत. “एसटीत चढतो, पण कंडक्टर मधेच उतरवतो. शरीरात जायचं तर तेल पाहिजे. चमचाभर. भजी तळायला सांगत नाही मी.” बायकांना हे पटलं. वस्तीत त्यांचं नाव पडलं पाल्याच्या बाई.

आता यात माझा भाग. पाल्याने खरंच फरक पडतो हे सिद्ध करायचं तर तुलनेला दुसरं गाव लागतं, तशाच परिस्थितीतलं, जिथे आपण खाण्याबद्दल काही शिकवलेलं नाही. तिथेही कुणाला डोळ्यांचा त्रास दिसला तर लगेच औषध द्यायचं, ही बाईंची अट. पण झुणक्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. अभ्यास संपला की तिथेही शिकवायचं ठरलेलं होतंच. मी गाव निवडलं हिंजवडी. आज तिथे कंपन्यांच्या बसगाड्यांतून वाट काढावी लागते. तेव्हा ज्वारी होती, बैल होते आणि दुपारी चिटपाखरू नसे. मांजरी शहराच्या एका टोकाला, हिंजवडी दुसऱ्या टोकाला. मध्ये अख्खं पुणं. माझा असा विश्वास होता, की पुणं ओलांडून कुठलीही गोष्ट सहजासहजी पलीकडे जात नाही.

मधल्या तपासणीला आम्ही हिंजवडीला गेलो. काम उरकलं तेव्हा दुपार झाली होती. सगुणा नावाच्या एका बाईने आग्रहाने जेवायला थांबवलं. भाकरी आली, कांदा आला आणि झुणका आला. झुणका हिरवा होता.

माझा घास हातातच राहिला. मी बाईंकडे पाहिलं. बाई ताटाकडे पाहत होत्या.

“हे काय आहे यात?” मी विचारलं.

“तांदुळजा. झाक लागतंय, खावा की.”

“कुणी शिकवलं?”

“भावजयीनं. माजं माहेर मांजरीचं न्हवं का. पारूवयनी. तिच्याकडं पुण्याच्या एक बाई येत्यात, पाल्याच्या बाई म्हनत्यात त्यास्नी. लई तुसड्या हायती म्हनं, पर खोटं बोलत न्हाईत. आमच्या छबीचं डोळं त्यांनीच बरं केलं. मी आल्यावर हितं समद्यास्नी शिकवलं. ह्या आळीत आता समदी करत्यात.”

कंपाउंडर खाली बघून खोकायला लागला. बाईंनी घास घेतला, चावला.

“जरा तेल कमी पडलंय,” त्या म्हणाल्या.

याच त्या पाल्याच्या बाई हे सगुणेच्या ध्यानात आलं आणि तिने पदर तोंडात कोंबला.

परतीच्या वाटेवर मी जीपमध्ये फुगून बसलो होतो. माझी सगळी तुलना त्या ताटात बुडाली होती. नकाशात रस्ते दिसतात, नद्या दिसतात. सोयरीक दिसत नाही. शेवटी मी म्हणालो, “बाई, अजून थोडेच महिने राहिलेत. त्यांना तेवढे दिवस थांबायला सांगता येईल. नंतर करू द्या की हवं ते.”

बाई मग म्हणाल्या, “मी तुसडी आहे, तुम्ही ऐकलंतच. पण पोरांच्या ताटातला झुणका काढून घ्यायला मी जाणार नाही. तुम्हाला जायचं असेल तर जीप वळवायला सांगते.”

जीप वळली नाही.

वर्षअखेरीस दोन्ही गावांच्या मुलांचं रक्त पुन्हा तपासलं. दोन्हीकडे अ जीवनसत्त्व वाढलं होतं. मांजरीला थोडं जास्त, पण दोघांतला फरक शास्त्राच्या हिशोबात बसेल इतका नव्हता. संचालकांनी आम्हाला बोलावलं. पैसे देणाऱ्यांची समिती मुंबईहून येणार होती आणि बाईंची बढती त्यावर अवलंबून होती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

“हिंजवडीची ती एक आळी वगळली तर?” साहेब म्हणाले. “ती घरं नाहीतरी नियमात बसत नाहीत.”

“कारण सांगून वगळणार का?” बाईंनी विचारलं.

“कारण कशाला सांगायचं?”

“मग मलाही वगळा,” बाई म्हणाल्या.

समितीसमोर बाई कडक इस्त्रीची सुती साडी नेसून उभ्या राहिल्या आणि जसं घडलं तसं सांगितलं. हिंजवडीच्या जेवणासकट. समितीतले एक जाडजूड गृहस्थ म्हणाले, “म्हणजे आपला अभ्यास फसला.”

“हो.”

“वाढ झाली ती पालेभाजीने झाली हे तरी सांगता येईल?”

“नाही. यंदा पाऊस चांगला झाला, दुसरं काही खाल्लं असेल, मजुरी जास्त मिळाली असेल. मला वाटतं पाल्यानेच झाली. पण वाटणं म्हणजे सिद्ध होणं नाही.”

“मग एवढ्या पैशात आपण मिळवलंत काय?”

“आम्ही सांगितलेलं बायका एका वस्तीत करतात,” बाई म्हणाल्या. “नणंदेला सांगितलेलं शहर ओलांडून जातं. मला हे आधी माहीत असतं तर तुमचा जीपचा खर्च वाचला असता.”

कुणीतरी हसलं. गृहस्थ हसले नाहीत. पुढच्या वर्षीचे पैसे आले नाहीत, बढती दुसऱ्या कुणाला मिळाली. त्या दिवशी दुपारी मी त्यांच्या टेबलाशी गेलो. बाई खारी बुडवत होत्या. ती मोडून चहात पडली. त्या चमच्याने ती काढायला लागल्या आणि एकदम थांबल्या. चष्मा काढून पदराने पुसला, तो पुसतच राहिल्या. मी खिडकीबाहेर पाहिलं. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “तुमचा फरक सिद्ध झाला असता हो, सगुणेचं लग्न नगरला झालं असतं तर.” आणि आम्ही दोघंही इतके हसलो, की शिपाई डोकावून गेला.

त्यानंतरही काही वर्षं बाई रविवारी मांजरीला जात. संस्थेचं काम म्हणून नाही, विचारलं तर म्हणत, “पेट्रोल माझं आहे.” मग निवृत्त झाल्या. मी दुसऱ्या नोकरीत गेलो. भेटी कमी होत गेल्या.

शेवटची भेट झाली लक्ष्मी रस्त्यावर, ऐन गर्दीच्या संध्याकाळी. फूटपाथच्या कडेला काळा गॉगल लावून बाई उभ्या होत्या. केस पांढरे झालेले, ताठ तशाच. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याचं ऐकलं होतं. मी पुढे होऊन त्यांच्या कोपराला धरलं.

“हात सोडा,” त्या मान न वळवता म्हणाल्या. “ऑपरेशन डोळ्याचं झालंय, पायाचं नाही.” मग मला ओळखलं. “अरे, तुम्ही होय.”

“आता नीट दिसतं का?”

“भलतंच नीट दिसतं. आमच्या समोरच्यांची भिंत पिवळी पडली म्हणून मी त्यांना तीन वर्षं टोचून बोलत होते. परवा पट्टी काढली तर भिंत पांढरी.”

“मग सांगितलंत त्यांना?”

“कशाला? पोपडे आलेलेच आहेत.”

एवढं बोलून त्यांनी हात वर केला आणि रस्त्यात पाऊल टाकलं. एक रिक्षा करकचून थांबली, तिच्यामागे स्कूटर, तिच्यामागे बस. बाई सावकाश निम्म्या रस्त्यापर्यंत गेल्या आणि तिथे थांबल्या. मला वाटलं, घाबरल्या. मी फूटपाथवरून उतरणार तोच त्यांनी डॉक्टरांनी काढू नका म्हणून बजावलेला गॉगल कपाळावर सरकवला. समोर साड्यांच्या दुकानाबाहेर नव्या साड्या वरपासून खालपर्यंत सोडल्या होत्या. केशरी, डाळिंबी, मोरपंखी, आणि त्यांच्यावर नुकतेच लागलेले दिवे. दोन्ही बाजूंनी हॉर्न वाजत होते. बसचा ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडत होता. बाई रस्त्याच्या मधोमध मान वर करून उभ्या होत्या. सगळ्या साड्या, अगदी पार शेवटच्या कोपऱ्यातलीसुद्धा, नीट बघून झाल्यावर त्यांनी गॉगल खाली ओढला आणि त्या पलीकडे गेल्या.